दुसरं आरएक्स ५८० घेऊ, की नवंच कार्ड?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सांगली जिल्ह्यातला चोवीस वर्षांचा तरुण, नुकताच नोकरीला लागलेला. २०१९ मध्ये डिप्लोमाला असताना त्याने पीसी असेंबल करून घेतला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, ८ जीबीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटबरोबर आलेला ५०० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट, अधूनमधून जीटीए ५, आणि आता सायबरपंक २०७७. सायबरपंकमध्ये गाडी घेऊन गर्दीच्या भागात शिरलं की चित्र अटकतं. व्हॅलोरंटमध्येही हल्ली ऐन मारामारीत झटके बसतात. कॉलेजपासूनचा जवळचा मित्र गेमिंग सोडतोय. त्याच्याकडेही आरएक्स ५८० च आहे, आणि तो ते पाच हजारांत द्यायला तयार आहे. मदरबोर्डच्या खोक्यावर ‘क्रॉसफायर’ असं छापलेलं आहे. पगारातून साठवलेले तीस हजार हाताशी आहेत. तो विचारतो : “ताई, पाच हजारांत दुप्पट ताकद आणि १६ जीबी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) मिळत असेल तर तीस हजार कशाला घालवायचे? शिवाय मित्राला पैशांची नड आहे. पण चुकीचं घेतलं गेलं तर बाबा म्हणतील, आधीच सांगितलं होतं. आणि उद्या जीटीए ६ आला की पुन्हा खर्च, असं तर होणार नाही ना?”

तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तू ओघात लिहून पुढे निघून गेलास : व्हॅलोरंटमध्येही झटके बसतात. व्हॅलोरंट हा हलका गेम आहे. तुझं ५८० फुल एचडीवर तो सहज पेलतं. मग तिथेही चित्र अडखळत असेल, तर दोष ग्राफिक्स कार्डाचाच आहे हे तू कशावरून ठरवलंस? दुसरं कार्ड की नवं कार्ड, हे दोन्ही पर्याय कार्ड कमी पडतंय असं धरून चाललेत. त्या गृहीतकाकडे मी येणारच आहे, पण मित्र उत्तराची वाट बघत असेल, म्हणून आधी त्याच्या कार्डाचं बोलू.

ते कार्ड घेऊ नकोस. पाच हजारांतही नको.

दोन कार्डं जोडायची पद्धत एके काळी खरंच चालायची. एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणलं, पुढच्या वर्षी एटीआयने, म्हणजे पुढे एएमडीत गेलेल्या कंपनीने, क्रॉसफायर. त्यात बहुतेक वेळा एक कार्ड एक फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एक स्थिर चित्र, काढायचं आणि दुसरं त्याच्या पुढची. दोघांनी मिळून वही लिहायची, एकाने सम पानं, दुसऱ्याने विषम, असा तो प्रकार. जोवर प्रत्येक पान स्वतंत्र होतं तोवर वेग वाढायचा. पण आजचे गेम कडा मऊ करण्यासाठी, प्रकाश-सावल्यांसाठी, कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करण्यासाठी आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. मागचं पान हातात आल्याशिवाय पुढचं लिहिताच येत नाही. मग एक कार्ड दुसऱ्याची वाट बघत बसतं. जिथे वेग मिळायचा तिथेही फ्रेम समान अंतराने येत नसत, त्यामुळे कोपऱ्यात ७० एफपीएस (सेकंदाला इतक्या फ्रेम) दिसत असताना डोळ्यांना मात्र हिसके जाणवायचे. तुझी मूळ तक्रार अटकण्याचीच आहे, आणि ही जोडी त्यात भरच घालू शकते.

शिवाय हे आपोआप होत नसे. प्रत्येक गेमसाठी कार्ड बनवणाऱ्या कंपनीला ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगळी सोय करावी लागे. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ (गेमला कार्डाशी जोडणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) आलं आणि दोन कार्डं वापरायची की नाही ते मुख्यतः गेम लिहिणाऱ्यांवर आलं. त्यातल्या फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयच्या नव्या प्रोफाइल, म्हणजे याच गेमगणिक सोयी, बनवणं थांबवलं. जीफोर्सच्या ३० मालिकेत जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय या दोन कार्डांना होती, ४० मालिकेत ती कुणालाच नाही. एएमडीनेही २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर सोडून दिलं. ज्यांच्याकडे जीटीएक्स १०६० आहे आणि जे तुझ्यासारखाच विचार करताहेत, त्यांनी कार्डाची वरची कड बघावी : तिथे एसएलआयचा कनेक्टर मुळातच दिलेला नाही.

आता तुझे गेम घे. सायबरपंक फक्त डायरेक्टएक्स १२ वर चालतो आणि त्यात दोन कार्डांची सोय नाही. तिथे मित्राचं कार्ड नुसतं बसून राहील. व्हॅलोरंटला दुसऱ्या कार्डाचं कामच नाही. राहिला जीटीए ५. त्याच्या जुन्या आवृत्तीत क्रॉसफायर चालतं, पण सेटिंग जरा जुळवून घेतली तर तो तुझ्या एकाच ५८० वर तसाही छान चालतो, आणि ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर त्यापुढच्या फ्रेम तुला दिसणार नाहीत.

आठ अधिक आठ सोळा, हा हिशोबही इथे लागू पडत नाही. दोन्ही कार्डांना तेच दृश्य काढायचं असतं, म्हणून तीच टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) दोन्हीकडे स्वतंत्रपणे भरली जातात. गेमच्या दृष्टीने मेमरी आठच राहते.

आणि खोक्यावरचं ‘क्रॉसफायर’. ते खोटं नाही, पण त्यात सगळं सांगितलेलं नसतं. बी४५० बोर्डांवर वरचा लांब स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या सोळा लेनने (माहिती वाहणाऱ्या वाटांनी). खालचा दिसायला तेवढाच लांब, पण बहुतेक बोर्डांवर तो चिपसेटमधून (बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून) येतो, जुन्या २.० च्या चार लेनने. वर सेकंदाला जवळपास १६ जीबी जातात, तर खाली जेमतेम २. तुझं कार्ड जोडीदाराशी बोलायला हीच वाट वापरतं, कारण ५८० ला दोन कार्डं जोडणारा वेगळा ब्रिज नसतो. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटचं पान उघडून बघ, तिथे लेन स्पष्ट लिहिलेल्या असतात.

एसएमपीएसबद्दल मला खरी काळजी वाटते. एका ५८० ची अधिकृत गरज १८५ वॉट. दोनची ३७०. त्यात प्रोसेसर, पंखे, डिस्क. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ५०० वॉट छापलेलं असलं, तरी तेवढा भार तो तासन्तास सोसेल याची हमी नसते. त्याच्या बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती वॉट दिलेत ते वाच. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही मुख्यतः त्याच रकान्यावर जगतात. तिथला आकडा साडेतीनशेच्या आसपास असेल, तर दोन कार्डांचा विषय तिथेच संपला. असा एसएमपीएस जाताना कधी कधी बोर्डाला आणि कार्डालाही घेऊन जातो.

दोन कार्डांचा उपयोग पूर्ण संपलाय असं मात्र मी म्हणणार नाही. थ्रीडी रेंडरिंगमध्ये प्रत्येक कार्ड आपापला तुकडा स्वतंत्रपणे काढू शकतं, त्यामुळे त्या धंद्यातले लोक आजही दोन-तीन कार्डं लावतात. गेमिंगमध्ये ‘लॉसलेस स्केलिंग’ नावाचं एक छोटं ॲप आहे. त्यात मुख्य कार्ड गेम चालवतं आणि दुसरं कार्ड मधल्या कृत्रिम फ्रेम तयार करतं. मॉनिटर दुसऱ्या कार्डाला जोडावा लागतो आणि खालचा स्लॉट पुरेसा वेगवान लागतो. मूळ गेम स्थिर पन्नास-साठ एफपीएसवर चालत असेल तर चित्र आणखी मऊ दिसतं. मूळचाच अडखळत असेल तर ते अडखळणं तसंच राहतं, आणि माउसची प्रतिक्रिया उशिरा येते. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये ते अजिबात चालणार नाही.

आता त्या गृहीतकाकडे. रविवारची एक सकाळ काढ आणि एमएसआय आफ्टरबर्नर टाक. ते फुकट आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्याबरोबर रिवाट्यूनर येतं, त्याने खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. तिथे चार गोष्टी लाव : जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर, व्हीरॅम आणि फ्रेमटाइमची, म्हणजे एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेची, रेघ. साठ एफपीएसला एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत यायला हवी. गेम नीट चालताना ती रेघ जवळपास सपाट धावते. झटका बसतो त्या क्षणी तिचा एकदम सुळका उठतो. तो सुळका उठताना बाकीचे आकडे काय म्हणतात, तेवढंच बघायचंय.

सायबरपंकमध्ये जिथे नेहमी अटकतं त्याच चौकात गाडी ने. जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर चिकटलेला असेल तर कार्ड कमी पडतंय. तो साठ-सत्तरवर घसरला आणि प्रोसेसरचे एक-दोन थ्रेड मात्र शंभरीला टेकले, तर कार्ड कामाची वाट बघत बसलंय. अडचण प्रोसेसर किंवा रॅमची आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२० वर आणून त्याच चौकातून पुन्हा जा. एफपीएस फारसे वाढले नाहीत, तर जगातलं सगळ्यांत महागडं कार्ड लावूनही त्या चौकात फरक पडणार नाही.

माझा अंदाज सांगते : व्हॅलोरंटमधले झटके तुझ्या त्या एकट्या रॅम स्टिकमुळे असण्याची शक्यता मोठी आहे. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, म्हणजे प्रोसेसरला मेमरीकडून मिळणारा वेग निम्मा. रायझनच्या या पिढीला ते फार बाधतं, कारण प्रोसेसरच्या आतले भाग एकमेकांशी ज्या वेगाने बोलतात तो वेगच रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि उजवीकडे स्पीड वाच. स्टिकवर ३२०० छापलेलं असून तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल, तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सोय, बंद आहे. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. दुकानात असेंबल झालेल्या पीसींमध्ये ते वर्षानुवर्षं बंदच राहिलेलं आढळतं. ते चालू करायला पैसे लागत नाहीत. ३२०० वर पीसी डळमळला तर २९३३ ठेव, तुझ्या प्रोसेसरचा अधिकृत वेग तोच आहे.

मग दुसरी स्टिक. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, म्हणून दुकानात जाण्याआधी मित्राला विचार. तो गेमिंग सोडतोय ना? त्याच्या पीसीत डीडीआर४ च्या दोन स्टिक असतील आणि त्याचं एकीवर भागत असेल, तर तुला त्याच्याकडून घ्यायची वस्तू कदाचित ती आहे. बोर्डावर चार स्लॉट असतील तर लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात लावल्यास दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

त्याच सकाळी कार्डाची आणि प्रोसेसरच्या हीटसिंकची धूळ ब्लोअरने काढ. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. आणि गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलव. २०२३ मध्ये सायबरपंकच्या किमान गरजा वाढवल्या तेव्हा एसएसडी सक्तीची झाली, आणि किमान कार्डांमध्ये नाव आलं ते तुझ्याच आरएक्स ५८० चं. म्हणजे या गेमपुरतं तू काठावर उभा आहेस. सेटिंगमध्ये क्राउड डेन्सिटी खाली आण, ती प्रोसेसरवर येते. व्होल्युमेट्रिक फॉग आणि स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन उतरव, ती कार्डावर येतात. टेक्श्चर मात्र उंच राहू दे, तुझ्याकडे ८ जीबी आहेत. एफएसआर क्वालिटीवर लाव. मग गेम आतून ७२० मध्ये काढला जातो आणि पडद्यावर १०८० होऊन येतो. थोडा मऊपणा येतो हे खरं, पण वाढलेला वेगही जाणवतो.

एवढं करून समाधान झालं, तर तीस हजार बँकेत राहू देत. झालं नाही, तर नवं कार्ड घ्यायला माझी काहीही हरकत नाही. तुझं ५८० म्हातारं झालंय हे मी नाकारत नाही. २०२३ पासून एएमडी या पिढीच्या कार्डांना फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर अपडेट देते. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, डूम द डार्क एजेस असे अलीकडचे काही गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढण्याच्या सोयीशिवाय) सुरूच होत नाहीत, आणि ती सोय ५८० मध्ये नाही. अशी दोन कार्डं लावलीस तरी नाही.

घेताना क्रम महत्त्वाचा. पहिला खर्च एसएमपीएसवर कर : नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का), ५५० किंवा ६५० वॉटचा. तो पुढच्या पीसीतही चालेल. मग कार्ड. तुला दोन ५८० कडून जे हवं होतं, ते एकटं आरएक्स ६६०० बऱ्याच अंशी देतं. ५८० च्या दीडपट ते दुप्पट वेग, रे ट्रेसिंगचं हार्डवेअर, आणि गरज १३२ वॉट, म्हणजे तुझ्या आत्ताच्या कार्डापेक्षाही कमी. फुल एचडी ७५ हर्ट्झसाठी ते पुरेसं आहे, आणि सेकंडहँडमध्ये बिलासह मिळालं तर उत्तम. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्डही बघ. नवंकोरं घ्यायचं असेल आणि थोडे महिने थांबता येत असेल, तर १६ जीबीच्या आरएक्स ९०६० एक्सटीसाठी साठव. आजच्या गेमची भूक बघता पूर्ण किंमत मोजून ८ जीबीचं नवं कार्ड घेणं मला पटत नाही. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर मोहात पाडतं, पण ते तुझ्या २६०० बरोबर घेऊ नकोस. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, आणि जुन्या प्रोसेसरवर हे कार्ड बरंच मागे पडतं.

चाचणीत प्रोसेसर दोषी निघाला तर उत्तर आणखी सोपं आहे. तुझ्या बोर्डात रायझन ५ ५६०० बसतो. कूलर तोच, रॅम तीच. फक्त जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच आधी बायोस अपडेट करावं लागतं. ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस नसेल तर त्या दिवसापुरता कुणाचा तरी आण किंवा दुकानात करून घे.

जीटीए ६ साठी आज काहीच घेऊ नकोस. तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झालाय. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ लाही कन्सोलनंतर पीसीवर यायला वर्षभराहून जास्त लागलं. ज्या गेमच्या पीसीवरच्या गरजाच अजून समोर नाहीत, त्यासाठी आज घेतलेलं कार्ड तेव्हा पुरेलच असं कोण सांगणार?

बाबांच्या बोलण्याची भीती मी समजू शकते. पण त्या भीतीपोटी तू सगळ्यांत स्वस्त पर्यायाकडे झुकतोयस, जणू रक्कम लहान असली की चूकही लहान. पाच हजार गेले आणि पीसी तसाच अडखळत राहिला, तर ते बोलणं जास्त बोचेल. चाचणीचे आकडे हातात असले की बाबांनाही नीट समजावता येईल : हे कमी पडत होतं, म्हणून एवढंच बदललं.

मित्राला मदत करायची तुझी इच्छा मला फार आवडली, आणि ती कार्ड विकत न घेताही पुरी करता येईल. त्याला जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं ॲप) टाकायला सांग आणि ‘शेडर्स’ची ओळ बघायला लाव. तिथे २३०४ असेल तर ते अस्सल ५८०. २०४८ असेल तर ते ५८० नावाने विकलं गेलेलं, ५७० च्या ताकदीचं कार्ड. बाजारात दोन्ही फिरतात आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडल्यापासून खाणीत राबलेली ५८० ढिगाने बाहेर आली, त्यामुळे घरी वापरलेलं आणि पहिलं बिल असलेलं कार्ड लोक शोधत असतात. त्या ओळीचा स्क्रीनशॉट, बिलाचा फोटो आणि फरमार्क या ताण-चाचणीच्या वीस मिनिटांनंतरचं तापमान टाकून त्याची जाहिरात तू लिहून दे. ज्याचं कार्ड जळालंय किंवा जो पहिलाच पीसी जमवतोय, अशा कुणाला ते खरंच हवं असेल. आणि रॅमचं विचारायला विसरू नकोस.